मनोहर पर्रीकर

मनोहर गोपाळकृष्ण प्रभू पर्रीकर (१३ डिसेंबर १९५५ – १७ मार्च २०१९) हे गोव्यातील एक राजकारणी आणि भारतीय जनता पक्षाचे नेते होते. गोवा राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांनी २००० ते २००५, २०१२ ते २०१४ आणि २०१७ ते २०१९ अशा तीन कालखंडांत भूषविले. ९ नोव्हेंबर २०१४ ते १३ मार्च २०१७ या काळात ते भारताचे संरक्षणमंत्री होते. भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून (आयआयटी) पदवी घेऊन एखाद्या राज्याचे मुख्यमंत्री झालेले ते पहिले भारतीय होत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या संस्कारात वाढलेल्या या नेत्याने, लोकसंख्येत कॅथलिक ख्रिस्ती समाजाचे प्रमाण मोठे असलेल्या राज्यात उजव्या विचारसरणीच्या पक्षाला सत्तेपर्यंत नेले. त्यासाठी त्यांनी केलेल्या तडजोडी त्यांच्या यशाचे कारण ठरल्या, तशाच त्यांच्यावरील टीकेचेही.

बालपण आणि शिक्षण

पर्रीकर यांचा जन्म उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यात म्हापसा येथे झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते नुकतेच सहा वर्षांचे झाले होते. कुटुंबाचे मूळ गाव म्हापशाजवळील पर्रा असून त्यावरूनच पर्रीकर हे आडनाव आले. वडिलांचे नाव गोपाळकृष्ण आणि आईचे राधाबाई. त्यांचे माध्यमिक शिक्षण मराठीतून झाले. घरात कोकणी आणि शाळेत मराठी हा त्या पिढीतील अनेक हिंदू गोमंतकीयांचा अनुभव होता. पुढे भाषेच्या माध्यमाचा प्रश्न त्यांच्या राजकारणात जेव्हा ऐरणीवर आला, तेव्हा ही पार्श्वभूमी वारंवार चर्चेत आली.

शालेय वयातच ते संघाच्या शाखेत जाऊ लागले. उच्च शिक्षणासाठी त्यांनी मुंबईच्या आयआयटीत प्रवेश घेतला आणि १९७८ मध्ये धातुशास्त्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. शिक्षणानंतर ते गोव्यात परतले. म्हापशात त्यांनी स्वतःचा लघुउद्योग उभारला आणि त्याबरोबर संघाचे कामही सुरू ठेवले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांच्याकडे म्हापशाच्या संघचालकपदाची जबाबदारी आली. मुंबई आयआयटीने २००१ मध्ये त्यांना विशेष माजी विद्यार्थी पुरस्कार देऊन गौरविले.

त्यांच्या पत्नी मेधा यांचे त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या पर्वाच्या सुमारास कर्करोगाने निधन झाले. उत्पल आणि अभिजात हे त्यांचे दोन पुत्र.

राजकारणात प्रवेश

मुक्तीनंतर गोव्याच्या राजकारणावर दोन प्रवाहांचे वर्चस्व होते. दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे या मताचा होता. बहुजन समाज आणि मराठी भाषा हा त्याचा आधार होता. दुसरा प्रवाह विलीनीकरणविरोधी होता. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले, तरी पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत सत्ता 'मगो'कडेच राहिली. १९८० नंतर काँग्रेसने तिची जागा घेतली. भारतीय जनता पक्षाला या चित्रात फारसे स्थान नव्हते.

पर्रीकर यांनी १९९१ मध्ये उत्तर गोव्यातून लोकसभेची निवडणूक लढवली, त्यात त्यांचा पराभव झाला. १९९४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने मगो पक्षाशी युती केली. या निवडणुकीत भाजपचे चार उमेदवार निवडून आले. पणजीतून विजयी झालेले पर्रीकर हे त्यांपैकी एक. त्यानंतर १९९९, २००२, २००७ आणि २०१२ च्या निवडणुकांत, तसेच २०१७ च्या पोटनिवडणुकीत पणजीच्या मतदारांनी त्यांनाच निवडून दिले. १९९९ मध्ये चाळीस जागांच्या विधानसभेत भाजपचे संख्याबळ दहावर गेले. मगोचा मतदार हळूहळू भाजपकडे सरकत होता. युतीत लहान भाऊ म्हणून शिरलेल्या भाजपने पाच वर्षांत मगोला मागे टाकले होते. १९९९ मध्ये पर्रीकर काही काळ विरोधी पक्षनेते होते.

मुख्यमंत्रिपदाचे पहिले पर्व (२०००–२००५)

नोव्हेंबर १९९९ मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या फ्रान्सिस्को सार्दिन यांनी भाजपच्या पाठिंब्यावर सरकार स्थापन केले. वर्षभरातच भाजपने हा पाठिंबा काढून घेतला आणि २४ ऑक्टोबर २००० रोजी पर्रीकर मुख्यमंत्री झाले. गोव्यातील हे भाजपचे पहिले सरकार होय. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी विधानसभा विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. मे महिन्यात झालेल्या निवडणुकीत भाजपला १७, तर काँग्रेसला १६ जागा मिळाल्या. मगो व इतरांच्या साहाय्याने जून २००२ मध्ये पर्रीकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या काळात त्यांनी सुरू केलेल्या योजनांपैकी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ही सर्वांत दीर्घजीवी ठरली. वृद्ध, निराधार आणि दिव्यांग व्यक्तींना दरमहा आर्थिक साहाय्य देणाऱ्या या योजनेला त्यांनी मगो पक्षाचे संस्थापक बांदोडकर यांचे नाव दिले. मगोच्या जुन्या मतदाराला आपलेसे करण्याचे राजकीय भानही त्यात होते. 'सायबरएज' योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना संगणक देण्यात आले.

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) २००४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. तोपर्यंत तो दिल्लीत आणि अन्य महानगरांत फिरत भरत असे. पणजीत अल्पावधीत बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले आणि जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऐतिहासिक इमारतीचे नूतनीकरण झाले. या कामांवरील खर्च आणि घाई यांवर विरोधकांनी टीका केली. मात्र पुढे गोवा हे महोत्सवाचे कायमचे स्थान झाले.

याच कार्यकाळात ग्रामीण भागातील ५१ सरकारी प्राथमिक शाळा संघप्रणीत विद्याभारतीकडे सोपविण्याचा निर्णय वादग्रस्त ठरला. शासनाच्या शाळा एका विचारसरणीच्या संस्थेच्या हाती देणे अयोग्य आहे, असा आक्षेप विरोधकांनी घेतला.

जानेवारी २००५ मध्ये भाजपच्या चार आमदारांनी राजीनामे दिल्याने सरकार अल्पमतात आले. दिगंबर कामत यांचा त्यांत समावेश होता. २ फेब्रुवारी २००५ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभापतींनी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढले आणि ठराव संमत झाला. मात्र राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच दिवशी सरकार बडतर्फ केले आणि काँग्रेसचे प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. महिनाभरातच गोव्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. सभापती आणि राज्यपाल या दोन्ही घटनात्मक पदांच्या निःपक्षपातीपणावर या घटनाक्रमाने प्रश्नचिन्ह उभे केले.

विरोधी पक्षनेते (२००७–२०१२)

२००७ च्या निवडणुकीत काँग्रेस आघाडीला सत्ता मिळाली आणि दिगंबर कामत मुख्यमंत्री झाले. पर्रीकर विरोधी पक्षनेते झाले. आकडेवारीवर आधारलेली भाषणे आणि अर्थसंकल्पाचा बारकाईने केलेला अभ्यास यांमुळे विधानसभेतील त्यांचा हा काळ विशेष लक्षात राहिला.

बेकायदा खाणकाम हा या पाच वर्षांचा मुख्य विषय होता. चीनमधून वाढलेल्या मागणीमुळे गोव्यातील लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढली होती. सांगे, केपे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत खनिजाच्या मालमोटारींची रीघ, शेतीचे व जलस्रोतांचे नुकसान आणि धूळ यांविरुद्ध ग्रामस्थ आंदोलने करीत होते. लोकलेखा समितीचे अध्यक्ष या नात्याने पर्रीकर यांनी २०११ मध्ये बेकायदा खाणकामावर अहवाल तयार केला. समितीतील सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या नाहीत. तरीही अहवालातील तपशिलामुळे सरकार अडचणीत आले. केंद्र सरकारने नेमलेला न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगही याच काळात चौकशी करीत होता.

मुख्यमंत्रिपदाचे दुसरे पर्व (२०१२–२०१४)

मार्च २०१२ च्या निवडणुकीत भाजपला २१ जागा मिळाल्या, म्हणजेच पक्षाने प्रथमच स्वबळावर बहुमत गाठले. मित्रपक्ष मगोला तीन जागा मिळाल्या. काँग्रेसचे संख्याबळ नऊपर्यंत घसरले. पर्रीकर यांनी या निवडणुकीत कॅथलिक समाजातील उमेदवारांना जाणीवपूर्वक उमेदवारी दिली होती आणि त्यांतील सहा जण भाजपच्या चिन्हावर निवडून आले. ९ मार्च २०१२ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळपास रद्द करण्याच्या निर्णयामुळे गोव्यात पेट्रोलचा दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला. गृहिणींना महागाईच्या झळा सोसण्यासाठी दरमहा साहाय्य देणारी 'गृह आधार' आणि मुलींच्या विवाहाच्या वा स्वावलंबनाच्या वेळी एक लाख रुपये देणारी 'लाडली लक्ष्मी' या योजना याच काळातील आहेत.

खाणबंदी

शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात गोव्यातील बेकायदा खाणकामामुळे झालेल्या हानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये असा होता. अहवाल सादर होताच पर्रीकर सरकारने राज्यातील खाणकाम तात्पुरते थांबवले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकामावर बंदी घातली. मालमोटारी, बार्जेस, दुरुस्तीशाळा आणि खाणपट्ट्यातील छोटे व्यवसाय यांवर पोट भरणाऱ्या हजारो कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी थांबले. राज्याचा मोठा महसूलही बुडाला.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. मात्र सर्व खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती असे स्पष्ट केले आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर राज्य सरकारने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण केले. लिलाव न करता जुन्याच पट्टेधारकांना दिलेले हे नूतनीकरण न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द ठरवले आणि मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. विरोधी बाकांवरून ज्या वसुलीची मागणी पर्रीकर यांनी केली होती, ती सत्तेत आल्यावर त्या प्रमाणात झाली नाही, असा आक्षेप पर्यावरणवादी संघटनांनी घेतला. मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंबाबतही असाच आक्षेप घेतला जातो. विरोधात असताना त्यांनी कॅसिनोंना कडाडून विरोध केला होता. सत्ताकाळात मात्र कॅसिनो हटले नाहीत.

माध्यमाचा वाद

गोव्यात १९९० पासून प्राथमिक स्तरावर केवळ भारतीय भाषांतून, म्हणजे प्रामुख्याने कोकणी आणि मराठीतून शिकवणाऱ्या शाळांना सरकारी अनुदान मिळत असे. २०११ मध्ये कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान खुले केले. याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचाने मोठे आंदोलन उभारले. एरवी राजभाषेच्या प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका घेणारे कोकणीवादी आणि मराठीवादी या मंचावर एकत्र आले होते. भाजपने आंदोलनाला पाठिंबा दिला होता.

सत्तेवर आल्यानंतर पर्रीकर यांनी अल्पसंख्याक संस्थांच्या विद्यमान इंग्रजी शाळांचे अनुदान मात्र चालू ठेवले. कॅथलिक मतदारांच्या पाठिंब्यावर आलेल्या सरकारला हे अनुदान बंद करणे राजकीयदृष्ट्या कठीण होते. भाषाप्रेमींना हा विश्वासघात वाटला. संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी पर्रीकर यांच्यावर उघड टीका सुरू केली. ऑगस्ट २०१६ मध्ये संघाने वेलिंगकर यांना पदावरून दूर केले. तेव्हा त्यांच्यासह अनेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि गोवा सुरक्षा मंच हा पक्ष स्थापन झाला. २०१७ च्या निवडणुकीत या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. तथापि ज्या संघटनेतून पर्रीकर घडले, तिच्याच एका गटाशी त्यांचा झालेला हा संघर्ष त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोचरा मानला जातो.

संरक्षणमंत्री (२०१४–२०१७)

जून २०१३ मध्ये भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक गोव्यात झाली आणि तेथे नरेंद्र मोदी यांच्याकडे निवडणूक प्रचाराची धुरा सोपविण्यात आली. मोदी यांच्या नेतृत्वाचे उघड समर्थन करणाऱ्या आरंभीच्या नेत्यांत पर्रीकर होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांना केंद्रीय मंत्रिमंडळात संरक्षण खाते मिळाले. ते उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर निवडून गेले. गोव्यात लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री झाले.

निवृत्त सैनिकांची 'समान पद, समान निवृत्तिवेतन' ही मागणी अनेक दशके प्रलंबित होती. २०१५ च्या उन्हाळ्यापासून माजी सैनिकांनी दिल्लीत जंतर मंतर येथे आंदोलन सुरू केले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी पर्रीकर यांनी ही योजना लागू करण्याची घोषणा केली. निवृत्तिवेतनाचा फेरआढावा दर पाच वर्षांनी घेण्याची तरतूद मात्र माजी सैनिकांच्या काही संघटनांना मान्य झाली नाही. तो दरवर्षी व्हावा अशी त्यांची मागणी होती.

मार्च २०१६ मध्ये त्यांनी संरक्षण खरेदीची नवी कार्यपद्धती जाहीर केली. देशातच संकल्पित, विकसित आणि उत्पादित झालेल्या सामग्रीला खरेदीत प्रथम पसंती देणारा वर्ग तीत प्रथमच निर्माण करण्यात आला. १ जुलै २०१६ रोजी स्वदेशी बनावटीच्या तेजस विमानांची पहिली तुकडी वायुदलात स्थापन झाली. सैन्यदलांची लढाऊ क्षमता वाढवणे आणि अनावश्यक खर्च कमी करणे यांसाठी त्यांनी लेफ्टनंट जनरल (निवृत्त) द. ब. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबर २०१६ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालातील अनेक शिफारशी पुढील वर्षी स्वीकारण्यात आल्या. लष्करी दुग्धशाळा बंद करणे ही त्यांतीलच एक. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा, या मताचे पर्रीकर होते. हे पद त्यांच्या निधनानंतर, २०१९ च्या अखेरीस अस्तित्वात आले.

अमेरिकेबरोबरचा लष्करी रसद-साहाय्य करार ऑगस्ट २०१६ मध्ये झाला. फ्रान्सकडून ३६ राफेल विमाने घेण्याच्या करारावर २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत स्वाक्षऱ्या झाल्या. या खरेदीचा निर्णय पंतप्रधानांनी एप्रिल २०१५ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर केला होता. किंमत आणि प्रक्रिया यांवरून पुढे मोठा राजकीय वाद झाला; डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. उरी येथील लष्करी तळावरील हल्ल्यानंतर २९ सप्टेंबर २०१६ रोजी सैन्याने नियंत्रण रेषेपलीकडे केलेल्या लक्ष्यभेदी कारवाईच्या वेळीही पर्रीकर संरक्षणमंत्री होते.

त्यांची काही वक्तव्ये वादग्रस्त ठरली. अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याच्या धोरणाने भारताने स्वतःला का बांधून घ्यावे, असा प्रश्न त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये उपस्थित केला. ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा नंतर करण्यात आला.

गोव्यात पुनरागमन (२०१७–२०१९)

फेब्रुवारी २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः पराभूत झाले. मगो आणि गोवा फॉरवर्ड या प्रत्येकी तीन जागा असलेल्या पक्षांनी, तसेच अपक्षांनी पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर भाजपला पाठिंबा देण्याची तयारी दाखवली. संरक्षणमंत्रिपदाचा राजीनामा देऊन १४ मार्च २०१७ रोजी ते मुख्यमंत्री झाले. सर्वांत मोठ्या पक्षाला डावलल्याची तक्रार घेऊन काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने शपथविधी रोखला नाही, परंतु तातडीने बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला. १६ मार्च रोजी सरकारने २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वास संपादन केला. निवडणुकीत भाजपवर प्रखर टीका करून निवडून आलेल्या गोवा फॉरवर्डने त्याच पक्षाबरोबर सत्तेत जाणे हा जनादेशाचा अवमान आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०१७ मध्ये पर्रीकर पणजीतून पोटनिवडणुकीत विजयी झाले.

आजार आणि निधन

फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुमारास पर्रीकर आजारी पडले. मुंबई, अमेरिका आणि दिल्ली येथे त्यांच्यावर उपचार झाले. त्यांच्या अनुपस्थितीत तीन मंत्र्यांची सल्लागार समिती दैनंदिन कामकाज पाहत होती. आजाराचे स्वरूप बराच काळ जाहीर करण्यात आले नव्हते; ऑक्टोबर २०१८ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे सांगितले. प्रकृतीविषयी जनतेला माहिती द्यावी आणि पूर्णवेळ मुख्यमंत्री नेमावा, अशी मागणी विरोधक करीत होते. आघाडी केवळ पर्रीकर यांच्या नावावर टिकून असल्याने पक्षापुढे दुसरा सोपा पर्याय नव्हता.

डिसेंबर २०१८ मध्ये नाकात नळी असलेल्या अवस्थेत त्यांनी मांडवी नदीवरील तिसऱ्या पुलाच्या कामाची पाहणी केली. त्या छायाचित्रावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. कुणाला त्यात कर्तव्यनिष्ठा दिसली, तर कुणाला गंभीर आजारी माणसाला विश्रांती न देणारे राजकारण. 'अटल सेतू' या नावाने तो पूल जानेवारी २०१९ च्या अखेरीस खुला झाला. ३० जानेवारी रोजी पर्रीकर यांनी विधानसभेत आपला अखेरचा अर्थसंकल्प सादर केला.

१७ मार्च २०१९ रोजी दोनापावला येथील निवासस्थानी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मिरामार येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याच रात्री, १९ मार्चच्या पहाटेपूर्वी, प्रमोद सावंत यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

वारसा आणि मूल्यमापन

भारत सरकारने २०२० मध्ये पर्रीकर यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर केले. त्याच वर्षी दिल्लीतील संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळाचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा त्याचे नामकरण मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे करण्यात आले.

साधा अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायांत चपला आणि लवाजम्याविना वावर ही त्यांची प्रतिमा देशभर पोहोचली होती. प्रशासनावरील पकड, आकड्यांची स्मरणशक्ती आणि निर्णयाचा वेग हे त्यांचे गुण विरोधकांनीही मान्य केले. दुसरीकडे, सर्व निर्णय स्वतःकडे केंद्रित ठेवण्याची त्यांची पद्धत आणि पक्षात तोलामोलाचे दुसरे नेतृत्व उभे न राहणे हे दोष अभ्यासकांनी दाखवले आहेत. त्यांच्यानंतर झालेल्या घडामोडींत याचा प्रत्यय आला. २०१९ च्या पोटनिवडणुकीत पणजीची जागा पंचवीस वर्षांनी भाजपच्या हातून गेली. काँग्रेसचे विजयी उमेदवार बाबूश मोन्सेरात काही आठवड्यांतच भाजपमध्ये दाखल झाले. २०२२ मध्ये पक्षाने पणजीतून त्यांनाच उमेदवारी दिल्याने उत्पल पर्रीकर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पराभूत झाले.

खाण, कॅसिनो आणि शिक्षणाचे माध्यम या तीन प्रश्नांवर पर्रीकर यांची विरोधातील भूमिका आणि सत्तेतील कृती यांत अंतर राहिले, हे त्यांच्या कारकिर्दीवरील टीकेचे मुख्य सूत्र आहे. गोव्यासारख्या लहान आणि बहुधर्मी राज्यात स्थिर सरकार चालवायचे तर हे अंतर अटळ होते, असे त्यांचे समर्थक मानतात. सामाजिक सुरक्षा योजनांची त्यांनी घातलेली चौकट त्यानंतरच्या सर्व पक्षांच्या सरकारांनी कायम ठेवली आहे.